सालेमने पाठ केलेलं वाक्य

मित्रांनो, तळहातात मावणारा, काळ्या रंगाचा, एका कोपऱ्यावर टवका उडालेला असा मी आवाज साठवणारा जुना रेकॉर्डर आहे. मला डोळे नाहीत. मला जे काही ठाऊक आहे ते सगळं ऐकून ठाऊक झालेलं आहे. माझ्यातली फाइल पुसता येते, पण ऐकलेलं मी विसरत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगू शकतो.

मी कुठल्या देशात तयार झालो ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलं होतं. बोटं लागून लागून ती अक्षरं आता गेली. औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात मी काही महिने कपाटात पडून होतो. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत, दुकानदार गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत असे आणि मी गुपचूप ऐकत राही. मग एक दिवस शहरातल्या एका महाविद्यालयाने आम्हा बारा भावंडांना एकदम विकत नेलं. तिथे नवीन 'भाषा स्वयंअध्ययन कक्ष' उघडला होता. आमच्या पाठीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून आकडे घातले गेले. मी सात नंबर.

कक्ष प्रेरणा मॅडमचा होता. नियम सोपे होते. मोबाईल दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, वहीत सही करायची, एक रेकॉर्डर घ्यायचा आणि आपली भाषा आपण शिकायची. मॅडम प्रत्येक नव्या तुकडीला तेच सांगत. "आधी ऐका. मग म्हणा. मग आपलंच म्हणणं ऐका. आणि समोरच्याला कळलं नाही तर लाजायचं नाही. तेच वाक्य पुन्हा, सावकाश, स्पष्ट म्हणायचं."

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. मुलं माझ्यासमोर इंग्रजी, जर्मन, जपानी बोलत. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की बहुतेक जण शरमून हसत, मग पुन्हा प्रयत्न करत. मॅडम पाहुण्यांना सांगत, "हा सात नंबर सगळ्यांत भरवशाचा आहे." पुढे मोबाईलमध्येच सगळं मिळू लागलं. माझी भावंडं एकेक करून गेली. कुणाच्या पोटात सेल फुटून पाणी झालं, कुणी हातातून पडलं. उरलो आम्ही तिघे, आणि आमची वही आठवडा आठवडा कोरी राहू लागली. टेबलाच्या खणात पडल्या पडल्या मी पंख्याची घरघर ऐकत असे.

अशा काळात सुकेशनी आली.

पैठणच्या अलीकडच्या एका वस्तीवरून ती रोज एसटीने शहरात येई. तिचे वडील सूर्यभान मेंढ्या राखायचे. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. तास संपल्यापासून परतीची गाडी येईपर्यंत तिच्याकडे दोन तास असत आणि ते दोन्ही तास ती माझ्याजवळ बसे. तिला इंग्रजी शिकवायला कुणी नव्हतं. ती एक वाक्य ऐके, म्हणे, पुन्हा ऐके, पुन्हा म्हणे. एकेक वाक्य तीस तीस वेळा. असा हट्टी आवाज मी फार थोड्या मुलांचा ऐकला आहे.

एकदा तिने 'माझं घर' या विषयावर पाच वाक्यं माझ्यात भरली. वडिलांकडे चाळीस मेंढ्या आहेत, असं तिला म्हणायचं होतं. पण 'शीप' म्हणताना तिची ई आखूड झाली आणि त्याचं 'शिप' झालं. ती ते पुसायचं विसरली आणि गाडी पकडायला पळाली.

दुसऱ्या दिवशी मला शिवराजने उचललं. शिवराज त्याच भागातल्या एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा. आवाज गोड, बोलणं लाघवी, आणि कक्षाचा विद्यार्थी प्रतिनिधी असल्यामुळे खणाची किल्ली त्याच्याकडे. त्याने माझा आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि वर्ग भरलेला असताना मला बाकावर ठेवलं. माझ्या तोंडून सुकेशनीने साऱ्या वर्गाला सांगितलं, की तिच्या वडिलांकडे चाळीस जहाजं आहेत.

मित्रांनो, ते हसणं फार वेळ चाललं. शिवराजचा मित्र इंद्रजीत ओरडला, "अरे, कॅप्टन आली! नाथसागराच्या पाण्यात नांगर टाकलाय व्हय गं?" त्या दिवसापासून तिचं नाव कॅप्टन पडलं. मुली तिला जिन्यात सलाम ठोकत. तिने महाविद्यालय सोडलं नाही, पण त्यानंतर ती माझ्याशी कुजबुजून बोलू लागली. तोंड इतकं जवळ आणायची, की तिचा श्वास माझ्या जाळीवर आपटायचा.

त्या हसण्यात एक जण सामील नव्हता. शिवराजला भेटायला आलेला सालेम.

सालेम येमेनहून आला होता. रसायनशास्त्रात एमएस्सी करत होता आणि पडेगावात कडुबा नावाच्या म्हाताऱ्याच्या घरामागच्या खोलीत राहत होता. परदेशी विद्यार्थी आणि इथला विद्यार्थी यांची जोडी लावून द्यायची, दोघांनी एकमेकांना आपापली भाषा आणि रीतभात शिकवायची, असा एक उपक्रम मॅडमने सुरू केला होता. वर्षअखेरीस त्याचं प्रमाणपत्र मिळायचं. सालेमची जोडी शिवराजशी लागली. सालेमचं इंग्रजी चांगलं होतं आणि शिवराजला परदेशात शिकायला जायचं होतं, म्हणून शिवराजनेच तसं मागून घेतलं होतं.

जहाजांच्या प्रकारानंतर सालेम सुकेशनीच्या टेबलाशी गेला. तो इंग्रजीत सावकाश बोलला, तिला समजेल असं. "माझ्या भाषेत 'प' नाही," तो म्हणाला. "मी 'पाणी' मागायला जातो आणि 'बाणी' मागतो. बडेगावात राहतो." मग त्याने कागदाची पट्टी ओठांसमोर धरली. 'प' नीट निघाला की कागद फडफडतो. कागदाचा तो फडफडाट मी ऐकला आणि त्यानंतर सुकेशनीचं हसूही ऐकलं. कितीतरी दिवसांनी. पुढच्या तासाभरात त्याने तिच्याकडून 'शीप' शंभर वेळा म्हणवून घेतलं.

आठवड्यातून एकदा सालेम मला घरी नेई. मॅडमने त्याला रोजचा दिवस मराठीत सांगायला लावला होता. त्याच्या मोडक्या मराठीतूनच मला कडुबा आणि भागूबाई हे नवरा-बायको कळले. कडुबा एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. सालेम त्यांना मामा म्हणायचा आणि भागूबाईंना मामी. मामी त्याच्या भाकरीवर न विचारता तुपाची धार सोडत, आणि तो माझ्यात नोंद करून ठेवी, "मामीला नको म्हणालो. मामी बहिरी झाली."

आदल्या वर्षी सालेमचे वडील तिकडे वारले होते. त्याला जाता आलं नाही. त्या दिवसाची नोंद माझ्यात होती, ती अशी: "आज माझा बाबा गेला. मी अंगणात बसला. मामा आला. मामा बोलला नाही. मामा बसला. सूर्य गेला, मामा उठला नाही." एवढंच. एवढ्यावर त्याने बटण बंद केलं होतं.

आता शिवराजविषयी सांगतो. सभागृहात एकदा तो इंग्रजीत भाषण करत होता आणि सालेमने मधेच हात वर करून त्याचा एक शब्द दुरुस्त केला. सालेमच्या गावी मित्र एकमेकांना असंच सुधारतात, त्यात त्याला काही गैर वाटलं नाही. भाषण झाल्यावर शाबासकी द्यायलाही तोच पहिल्यांदा पुढे गेला. पण इथे पुढच्या रांगा हसल्या होत्या आणि लोकांनी आपल्याला हसावं याची शिवराजला सवय नव्हती. त्याने सालेमला एका शब्दानेही दुखावलं नाही. तो फक्त शिकवू लागला.

'आभारी आहे'ऐवजी त्याने सालेमला 'चल हट' शिकवलं. सालेम कँटीनवाल्याला चहाचा कप परत देताना अदबीने म्हणाला, "काका, चल हट." सगळं कँटीन खिदळलं आणि सालेमही त्यांच्यासोबत हसला. आपण बोललो की इथली माणसं आनंदित होतात, असं त्याला वाटलं. त्याने ते माझ्यात नोंदवूनही ठेवलं.

मग कडुबा गेले. सकाळी अंगणात दात घासता घासता पायरीवर टेकले ते उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सालेम कक्षात आला. त्याचा आवाज बसला होता. कालपासून पाणी भरणं, सतरंज्या उचलणं, मिळेल ते काम तो करत होता. पण भागूबाईंसमोर जाऊन एक शब्द बोलला नव्हता. शिवराजला तो म्हणाला, "आमच्याकडे अशा वेळी म्हणायचं वाक्य ठरलेलं असतं. देव तुमचं पुण्य वाढवो, असं म्हणतात. ते तीन दिवसांच्या आत म्हणायचं असतं. उद्या तिसरा दिवस. मला मराठीतलं वाक्य दे. मला ते चुकवायचं नाही."

मित्रांनो, तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे असं ठरलेलं वाक्यच नसतं. आपण जातो, खाली मान घालून बसतो, फार तर हात हातात घेतो. शिवराजने एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. त्याने मला जवळ ओढलं, बटण दाबलं आणि आपल्या त्या गोड आवाजात, भारावल्यासारखं म्हटलं, "मामा गेले, बरं झालं. आता तुमचा नंबर."

इंद्रजीतच्या नाकातून हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

सालेम अगदीच अडाणी नव्हता. "बरं म्हणजे चांगलं ना?" त्याने विचारलं. "मग असं कसं?"

"तुमच्यात मरणाच्या वेळी पुण्य वाढवो म्हणतातच ना?" शिवराज म्हणाला. "तसंच हे. मामा देवाघरी गेले, चांगल्या ठिकाणी गेले. आणि तुमचा नंबर म्हणजे, मामी, तुमचा फोन नंबर माझ्याजवळ आहे. कधीही हाक मारा, मी येईन."

सालेमने ते वाक्य स्वतःशी पुटपुटून पाहिलं. मग म्हणाला, "छान आहे. साधं आहे आणि छान आहे."

त्याला 'तुमचा'मधला 'च' जमत नव्हता. तो 'तुमशा' म्हणायचा. शिवराजने न कंटाळता अर्धा तास त्याची जीभ वळवून घेतली. "दातांच्या मागे टेकव. हं. परत. अजून एकदा." इतकी चिकाटी त्याने कधी स्वतःच्या अभ्यासातही दाखवली नव्हती. सालेम माझं बटण दाबे, शिवराजचं वाक्य ऐके, स्वतः म्हणे, पुन्हा ऐके. मी प्रत्येक वेळी ते वाक्य इमानाने उच्चारलं. मला दुसरं काही येत नाही.

शेजारच्या टेबलावर सुकेशनी बसली होती. तिचं पेन कागदावर खरखरत होतं, ते पहिल्याच वेळी थांबलं. तिने सगळं ऐकलं. सालेम हात-तोंड धुवायला बाहेर गेला तेव्हा ती दबक्या आवाजात म्हणाली, "शिवराज, हे काय शिकवतोस त्याला? घरात माणूस गेलंय."

"अगं, गंमत चाललीये," शिवराज म्हणाला. "संध्याकाळी फोन करून सांगणार आहे मी त्याला. तू मधी पडू नको." मग आवाज आणखी मऊ करून तो म्हणाला, "कॅप्टन, तुझं ते जहाजाचं अजून आहे माझ्या मोबाईलमधी. गॅदरिंगमधी पडद्यावर लावायचं का?"

सालेम परत आला. सुकेशनीची खुर्ची सरकली. तिची पावलं सालेमच्या टेबलापाशी आली आणि थांबली.

"काय?" सालेमने विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. "गाडीची वेळ झाली."

आणि ती गेली.

शिवराजने संध्याकाळी फोन केला नाही. मी सालेमच्या खिशातच होतो, म्हणून हे मी खात्रीने सांगतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी माणसं राख सावडून परतली. अंगणात पन्नाससाठ तरी जण असतील. चपलांचे आवाज, धारेखाली हात धुणं, बायकांचं रडणं, मधूनच कुणाचा तरी उसासा. सालेम खोलीत उभा होता. त्याने मला कानाशी लावून वाक्य शेवटचं ऐकलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं, डाव्या बाजूला. त्याच्या छातीचे ठोके माझ्या पाठीवर पडत होते. तो माणसांतून वाट काढत भागूबाईंसमोर गेला, खाली बसला आणि त्याने उजवा हात छातीवर ठेवला. तो हात माझ्यावरच आला.

तो म्हणाला, "मामी. मामा गेले, बरं झालं. आता तुमचा नंबर."

'च' अगदी बरोबर आला होता.

रडणं थांबलं. इतकं सगळं थांबलं, की कुठेतरी नळाखालची बादली भरून वाहत होती तेवढंच ऐकू येत होतं.  सालेमला वाटलं, आपला उच्चार त्यांना कळला नाही. त्याला मॅडमचं शिकवणं आठवलं असणार. न लाजता, तेच वाक्य, पुन्हा, सावकाश. त्याने घसा साफ केला आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हटलं,

"मामा. गेले. बरं. झालं. आता. तुमचा. नंबर."

पहिली लाथ भागूबाईंच्या मुलाची, हनुमानची होती. सालेम आडवा पडला आणि मी त्याच्याखाली दबलो. माझा कोपरा तेव्हाच उडाला. "माझा बाप गेला अन् बरं झालं म्हणतो व्हय रे?" हनुमान ओरडत होता आणि मारत होता. "ह्याच्यासाठी ठेवलं व्हतं तुला घरात? माझ्या मायचा नंबर लावतो?" आणखी दोघेतिघे धावून आले. कुणीतरी म्हणालं, "म्या आधीच म्हणलो व्हतो, असले लोकं घरात घेऊ नका म्हणून." सालेम मराठीत ओरडत होता, "मामी, काय चूक? मामी, काय चूक?" मामींचा आवाज मला आला नाही.

त्याची पेटी, पुस्तकं आणि गादी दौलताबाद रोडच्या कडेला फेकली गेली.

चौथ्या दिवशी ओठ सुजलेला सालेम कुणाकडे गेला असेल? शिवराजकडेच गेला. त्याला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं. "मी 'बरं' नीट म्हणालो नाही का?" त्याने विचारलं. सुजलेल्या ओठांमुळे आता खरोखरच त्याचे शब्द फुटत नव्हते.

"आण बघू, ऐकतो," म्हणत शिवराजने मला हातात घेतलं. तो इकडचं तिकडचं भराभर बोलू लागला. तो घाबरला होता, ते मला कळलं. बोलत बोलतच त्याने बटण दाबून धरलं आणि माझ्यातलं सगळं पुसून टाकलं. ते वाक्य गेलं. त्याच्यासोबत 'मामा बसला. सूर्य गेला, मामा उठला नाही' हेही गेलं. "ह्याचे सेल गेलेत रे," शिवराज म्हणाला. "आणि तू फार घाईत म्हणाला असशील."

हनुमानने तक्रार केली होती. प्राचार्यांच्या खोलीत चौकशी बसली. प्राचार्य, प्रेरणा मॅडम, हनुमान, सालेम, शिवराज आणि साक्षीला सुकेशनी. मला टेबलावर ठेवलं होतं. प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा सालेमने ते वाक्य तिथेही म्हणून दाखवलं आणि अगदी निर्मळपणे विचारलं, "मॅडम, यातला कुठला उच्चार चुकला?"

मॅडमच्या बांगड्या किणकिणल्या. बहुधा त्यांचा हात तोंडाकडे गेला असावा. मग त्यांनी त्याला त्या वाक्याचा अर्थ इंग्रजीत सांगितला.

सालेमची खुर्ची शिवराजकडे वळली. तो म्हणाला, "तू माझी जीभ धरून शिकवलंस."

"मी असलं काही शिकवलेलं नाही सर," शिवराज म्हणाला. "बाहेर कुठं तरी ऐकलं असंल यानं. कँटीनमधी पण हा काहीबाही बोलतो, विचारा कुणालाही." आणि ते खोटं नव्हतं. कँटीनमधल्या प्रत्येकाने ते ऐकलं होतं.

मॅडमने मला उचललं. त्यांनी माझं बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं. मी रिकामा होतो. मित्रांनो, त्या खोलीत मी सगळ्यांत जास्त जाणत होतो आणि माझ्याकडून नुसती खरखर निघाली.

"सुकेशनी," मॅडम म्हणाल्या, "वहीत त्या दुपारी तुझी सही आहे. तू शेजारीच होतीस. काय ऐकलंस?"

सुकेशनीने श्वास घेतला. तो श्वास मी ओळखत होतो. मोठं वाक्य म्हणायच्या आधी ती असाच घ्यायची.

"काय नाय मॅडम," ती म्हणाली. "माझ्या कानाला हेडफोन व्हता."

सालेमला आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली असेल. 'काय नाय' या दोन शब्दांचा अर्थ त्याला आधीपासून ठाऊक होता, आणि त्या दुपारी त्याच्या टेबलाशी येऊनही ती हेच म्हणाली होती.

त्याला लेखी ताकीद मिळाली. सत्र संपायच्या आधीच तो हैदराबादला निघून गेला. वर्षअखेरीस आमच्या कक्षात छोटा समारंभ झाला आणि आंतरसांस्कृतिक संवादाचं प्रमाणपत्र शिवराजला देण्यात आलं. टाळ्या वाजल्या. मॅडमनी वाजवल्या की नाही, ते मला सांगता येणार नाही. पुढे तो आयर्लंडला शिकायला गेला. ते प्रमाणपत्र त्याला तिथे उपयोगी पडलं म्हणतात.

परीक्षा संपल्यावर एका दुपारी सुकेशनीने वहीत सही केली आणि मला पिशवीत घालून ती पडेगावला गेली. घरी भागूबाई एकट्याच होत्या. सुकेशनी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. शिवराजचं, माझं, आणि स्वतःचं.

भागूबाईंनी तिला पाणी दिलं नाही. बस म्हटलं नाही.

"आता सांगतीस?" त्या म्हणाल्या. "लेकराचं थोबाड फुटलं तवा तुझं तोंड कुठं गेलतं?"

सुकेशनी रडू लागली.

"रडू नको," भागूबाई म्हणाल्या. "मला बी कळलं व्हतं. त्याच वक्ताला कळलं व्हतं. छातीवर हात ठिवून कुणी असं बोलतं व्हय? कुणी तरी फशिवलंय ह्याला, हे माझ्या ध्यानात आलं. तो मामी मामी करत व्हता. पर चार माणसं जमलेली, हनुमान पेटलेला. म्या पदर तोंडाला लावून बसले."  मग म्हणाल्या, "ते यंत्र आणलंस का? इकडं कर."

त्यांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली. त्यांना वाटत होतं, पलीकडे सालेम ऐकतोच आहे. "लेकरा," त्या म्हणाल्या, "मामी हाय. तुझं चुकलं नाय. माझं चुकलं. तू इचारत व्हतास काय चूक, काय चूक, अन् मी वळखून बी बोलले नाय. तुझा मामा असता तर मधी पडला असता. मी नाय पडले. एवढंच सांगायचं व्हतं."

सुकेशनीने तो आवाज मोबाईलवरून सालेमला पाठवला. सहा दिवसांनी उत्तर आलं, इंग्रजीत. "मराठी ऐकणं मी सोडलं आहे, जे असेल ते इंग्रजीत लिही."

मग ती कक्षात बसून भागूबाईंचं बोलणं इंग्रजीत आणू लागली. तीन दिवस लागले. शब्दकोशाची पानं सारखी उलटत होती. 'लेकरा' या शब्दाशी ती अर्धा दिवस अडली आणि शेवटी तिने तो तसाच ठेवला. त्याखाली तिने स्वतःची दोन वाक्यं लिहिली आणि पाठवायच्या आधी मोठ्याने, कुजबुज न करता वाचली: "मी शेजारच्या टेबलावर होते. मी सगळं ऐकलं होतं."

उत्तर लगेच आलं. तेही तिने मोठ्याने वाचलं. "कळवल्याबद्दल आभार, पुन्हा लिहू नकोस." त्यातला एकही शब्द तिला शब्दकोशात शोधावा लागला नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझी स्क्रीन विझली आहे आणि बटणं अडखळतात. मला पुसून-पासून जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही वेगवेगळ्या भाषा शिकाल, दूरच्या गावांहून आलेली माणसं तुमच्या शेजारी बसतील. त्यांतला कुणी तुमच्या भाषेतलं एखादं वाक्य मागेल तेव्हा तो तुमच्यावर डोळे झाकून विसंबलेला असतो. त्याला खरं वाक्य द्या. आणि दुसरं कुणी त्याला खोटं देत असेल, तर त्याच क्षणी, तिथेच, मोठ्याने बोला. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.